‘मध्ययुगीन’ म्हणून हिणवण्याआधी एकदा मामा तलावाच्या पारीवर येऊन उभे राहा

मागच्या आठवड्यात वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात पाण्याच्या नियोजनावर कार्यशाळा होती. मला आमंत्रण नव्हतं, एका मित्राच्या जागी जाऊन बसलो. हॉल थंडगार, टेबलावर प्लास्टिकच्या बाटल्या, पडद्यावर पूर्व विदर्भाचा नकाशा. बोलणारा तिशीतला पोरगा, हुशार, आकडे तोंडपाठ. भंडारा-गोंदियाच्या तलावांची स्लाइड आली आणि तो सहज बोलून गेला, "ही सगळी मध्ययुगीन सिस्टिम आहे, तिला आपल्याला एकविसाव्या शतकात आणायचं आहे." मग सेन्सर, डॅशबोर्ड, मोबाइल अ‍ॅप. टाळ्या. मागच्या रांगेत लाखांदूरकडचे एक कास्तकार बसले होते, बहुतेक खुर्च्या भरलेल्या दिसाव्या म्हणून आणलेले. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "काहून जी, तुमचा सेन्सर सलंगीवरचं अतिक्रमण काढते काय?" लोक हसले, पोरगाही हसला, पुढची स्लाइड आली.

घरी आलो तरी तो शब्द डोक्यातून जाईना. मध्ययुगीन.

राजेहो, हा शब्द आपण सगळेच वापरतो. जातपंचायतीनं कुणाला वाळीत टाकलं की मध्ययुगीन. कुठं भूतबाधेच्या नावावर बाईला मारलं की मध्ययुगीन मानसिकता. मी स्वतःही दहा वेळा लिहिला असेल याच भिंतीवर. जणू ते हजार वर्षं लोक फक्त अंधारात बसून एकमेकांचे गळे कापत होते. गंमत अशी की आपल्या सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकाचं नाव ‘मध्ययुगीन भारताचा इतिहास’ आणि त्यातच शिवाजी महाराज. म्हणजे जयंतीला मिरवणूक काढायची मध्ययुगाची, आणि दुसऱ्या दिवशी शिवी द्यायची तीही मध्ययुगाचीच.

मुळात हे नावच उसनं आहे. युरोपात नंतरच्या पंडितांनी स्वतःला ग्रीक-रोमनांचे वारस मानलं आणि मधल्या काळाला ‘मधला काळ’ म्हणून बाजूला सारलं. पण ज्या काळाला त्यांनी नाकं मुरडली त्या काळात काय चाललं होतं? इंग्लंडच्या राजानं १०८६ साली आपल्या राज्याची मोजदाद करून घेतली, तिला डूम्सडे बुक म्हणतात. त्यात साडेपाच हजारांवर पाणचक्क्यांची नोंद आहे. एकट्या इंग्लंडात! पुढच्या दोनशे वर्षांत त्याच पाण्याच्या चाकावर लोक पीठ दळण्याखेरीज लोकरीचं कापड कुटू लागले, लोखंड ठोकायचे घण चालवू लागले, भट्टीचे भाते फुंकू लागले. बाराव्या शतकाच्या शेवटी पवनचक्क्या आल्या. तेराव्या शतकाच्या शेवटी इटलीत चष्मा आला. मी आत्ता हे टाइप करतो आहे ते ज्याच्या जोरावर, तो चष्मा मध्ययुगीन आहे. त्याच सुमारास यांत्रिक घड्याळ आलं. कागद चीनमधून अरबांच्या हातून तिथं पोचला आणि पंधराव्या शतकाच्या मध्यात गुटेनबर्गनं खिळे लावून छापखाना उभा केला. अंधारात बसलेल्या माणसांनी बराच उद्योग केला म्हणायचं.

आता लगेच कोणी म्हणेल, भाऊ, तुम्ही त्या काळाची आरती ओवाळता आहात. नाही. एक गोष्ट सांगतो, मला फार आवडते. इंग्लंडात सेंट ऑल्बन्स नावाच्या मठाचा एक महंत होता, रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा. लोहाराचा पोर, गणितात तल्लख. त्यानं असं घड्याळ रचलं की चंद्रसूर्याची गती दाखवायचं. त्या काळच्या युरोपातलं सगळ्यात गुंतागुंतीच्या यंत्रांपैकी एक. हाच महंत गावकऱ्यांना म्हणाला, दळण माझ्याच पाणचक्कीवर दळायचं आणि त्याचा वाटा मला द्यायचा. घरोघरच्या जात्यांची पाळी त्यानं जप्त केली आणि आपल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवली. रोज त्यावरून चालायला! १३८१ साली शेतकऱ्यांचं बंड झालं तेव्हा लोकांनी मठात घुसून ती फरशी उखडली आणि जात्यांचे तुकडे आपापसात वाटून घेतले. पन्नास वर्षं झाली होती, विसरले नव्हते.

यंत्र कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न तेव्हाही होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी पडेल.

आता आपल्याकडे या. मी डिप्लोमा सिव्हिल आहे. तीस वर्षं साइटवर काढली, कालवे, रपटे, बंधारे सगळं केलं. गाव साकोली तालुक्यातलं. तर मामा तलाव म्हणजे काय ते नागपुरात वाढलेल्यांसाठी थोडं सांगतो, कारण इथं बऱ्याच जणांना तो कुणाच्या मामाचा तलाव वाटतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा काही भाग मिळून असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. यातले बरेचसे गोंड राजांच्या काळात खोदले गेले. चांद्याच्या गोंड राजांची रीत होती की जो जंगल तोडून गाव वसवील त्याला गाव, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन. या जमिनीला तुकूम म्हणायचे. चंद्रपुरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे, तिथं राहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे देव जाणे. तलाव बांधण्यात हात बसलेले ते कोहळी. गोंड राजा काशीयात्रेहून परतताना त्यांना सोबत घेऊन आला अशी आख्यायिका आहे. नवेगाव बांधचा अवाढव्य तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधणारा कोलू पाटीलही कोहळीच. लोकांनी पुढं त्याचा कोलासूर देव केला. आपल्याकडे धरण बांधणाऱ्या इंजिनिअरला देव केल्याचं मला तरी अलीकडे आठवत नाही, उलट चौकशी लागते.

बांधणीकडे बघा. जागा निवडली ती दोन टेकड्यांच्या मधली, जिथून नाला येतो. कमीत कमी माती टाकून जास्तीत जास्त पाणी अडलं पाहिजे, हे गणित आम्हाला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं. त्यांना कोणत्या वर्षाला शिकवलं माहीत नाही. मातीचा बांध म्हणजे पार. पारीच्या एका टोकाला, जिथं जमीन टणक, तिथं सांडवा म्हणजे सलंग. आणि पाणी सोडायला तुडूम. आमच्या गावचं तुडूम मी लहानपणी पाहिलं आहे. पारीला लागून उभं दगडी बांधकाम, त्याला एकाखाली एक भोकं, प्रत्येक भोकाला लाकडी खुंटा. पाणी भरलेलं असताना वरचा खुंटा काढायचा, पातळी उतरली की त्याखालचा. खालचा खुंटा एकदम काढला तर पाण्याचा जोर असा येतो की नहर फुटेल. म्हणजे दाब आणि खोली यांचं नातं ठाऊक असलेला माणूस तिथं बसलेला होता, फक्त त्याला पास्कलचं नाव माहीत नव्हतं.

आणि तलाव एकटा नसतो. वरच्या तलावाची सलंग वाहिली की ते पाणी खालच्या तलावात, त्याची वाहिली की त्याच्या खालच्या बोडीत. पावसाचा थेंब नदीला मिळेपर्यंत चार-चार गावांत मुक्काम करून जातो. इकडं पाऊस काही कमी नाही, पण धानाला भोवते ती सप्टेंबरातली उघडीप. लोंबी भरायच्या वेळेला दोन आठवडे पाणी नाही पडलं की बांधीतलं धान पोचट. हे तलाव त्या दोन आठवड्यांसाठी आहेत. ज्या माणसानं हे डोक्यात आणलं त्यानं आधी शेती केली होती, मग तलाव बांधला. आजकाल उलटं होतं. शेती तर सोडाच, तलावही पाहिलेला नसतो, आणि डिझाइन होऊन जातं.

पण खरी कारागिरी मातीत नव्हती. माती कोणीही टाकतो. खरी कारागिरी होती ती राखणीत. गावात पाणकर असायचा. कुणाच्या बांधीत कधी पाणी जाईल, किती वेळ जाईल, हे तो ठरवायचा, आणि त्याचा मोबदला धानात मिळायचा. माझे आजोबा सांगायचे, टोकावरच्या बांधीला आधी पाणी मिळायचं, तलावाला लागून असलेल्याला शेवटी. काहून? तर टोकावरच्याला मिळालं म्हणजे मधल्यांना मिळालंच. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ काढून बैलगाडीनं शेतात. खत फुकट, तलाव खोल. पारीवर झाड पडलं, घुशीनं बीळ केलं, की त्याच दिवशी माती. सलंगीत कोणी काडीकचराही टाकला तर गावात बोभाटा व्हायचा. पाण्यात कमळ, शिंगाडा, देवधान. मासा ढिवरांचा. मरळ, मागूर, झिंगे. आणि धानाच्या बांधीत सारस पक्ष्याची जोडी. गोंदियात आज जे चार-दोन सारस उरले आहेत ते याच तलावांच्या जिवावर, कोणत्या योजनेच्या नाही.

लोखंडाचंही थोडं बोलून घेतो, कारण ‘मध्ययुगीन उद्योग’ म्हटल्यावर आपल्या भागात तो विषय टाळता येत नाही. नागपूरजवळ पारशिवनी तालुक्यात नैकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी. त्यानंतर चांदा, दुर्ग, मंडला या पट्ट्यात अगरिया आणि लोहार लोक मातीच्या छोट्या भट्ट्यांत कोळशावर लोखंड गाळतच होते. इंग्रजांनी जंगल सरकारजमा केलं, कोळसा पाडणं गुन्हा झाला, १८६७ ला रेल्वे नागपुरात आली आणि विलायती लोखंड स्वस्तात उतरू लागलं. भट्ट्या विझल्या. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा चांद्याच्या लोखंडाचा नाद सोडून द्यायच्या बेतात नागपुरात साहेबाला भेटायला आले होते. साहेब जागेवर नव्हता. वेळ घालवायला समोरच्या म्युझियममध्ये, आपल्या अजब बंगल्यात शिरले, तिथं भिंतीवर भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पाहणीचा नकाशा, आणि दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाची गडद खूण. तिथून पुढचा इतिहास सगळ्यांना पाठ. पण ज्या अगरियांच्या पिढ्यांनी त्या पट्ट्यातल्या दगडातून लोखंड काढलं, त्यांचं नाव कोणत्या कारखान्याच्या फाटकावर आहे का? त्यांची भट्टी ‘आदिम’. आणि नकाशा ‘शोध’.

असो. तलावाकडे परत येतो.

१९५१ साली मालगुजारी गेली. कायदा १९५० चा, मध्य प्रदेशचा, आणि त्या मध्य प्रदेशची राजधानी कोणती होती? हेच आपलं नागपूर. म्हणजे साडेसहा हजार तलावांचा सातबारा ज्या कायद्यानं सरकारच्या नावावर चढला, तो कायदा आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये झाला.

मालगुजारी गेली ते उत्तम झालं. यात मला किंतु नाही. मालगुजाराच्या तलावावर बेगारी कोणी केली? गाळाच्या पाट्या कोणी वाहिल्या? ज्यांच्या डोक्यावर पाट्या होत्या त्यांच्या बांधीला पाणी किती मिळालं? टोकाच्या बांधीला आधी पाणी हा नियम छान, पण ज्याच्याजवळ बांधीच नाही त्याचं काय? सेंट ऑल्बन्सच्या महंतासारखे मालगुजार आपल्याकडेही होते, घड्याळ उत्तम आणि पायाखाली दुसऱ्याची जाती. आमच्या आजीला मालगुजाराच्या वाड्यासमोरून चप्पल घालून जाता येत नव्हतं. त्यामुळे ‘जुने दिवस परत आणा’ म्हणणाऱ्यांच्या टोळीत कृपा करून मला टाकू नका.

माझं भांडण वेगळं आहे. फरशी उखडली, बरोबर केलं. पण जाती लोकांना परत दिली का? मालगुजार गेला आणि त्याच्या जागी गाव यायला पाहिजे होतं. आलं खातं. पाणकर गेला, त्याच्या जागी कोणी नाही. गाळ काढायची रीत गेली, तिच्या जागी टेंडर. जिल्हा परिषदा १९६२ ला आल्या. मग मोठे तलाव एका खात्याकडे, शंभर हेक्टरपर्यंतचे दुसऱ्याकडे, मासा तिसऱ्याकडे, आणि तलाव जंगलात असला तर चौथ्याकडे. पाणी एकच, मालक चार, आणि पार फुटली की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. आमच्या गावच्या तलावाची पार खचली तेव्हा मी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो. त्यांनी दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं पहिल्याकडे. अकरा महिने. बाराव्या महिन्यात पाऊस आला आणि पार गेली. मग मात्र दोघेही पाहणीला आले.

आता मध्ययुगीन युरोपकडे पुन्हा एकदा बघा, कारण माझा मुद्दा तिथंच आहे. स्पेनमध्ये वालेन्सिया नावाचं शहर आहे. तिथल्या शेतीचे कालवे अरबांच्या राजवटीत बांधलेले. १२३८ साली ख्रिस्ती राजा जाउमे यानं शहर जिंकलं. धर्म बदलला, राज्य बदललं, भाषा बदलली, पण पाण्याचे नियम त्यानं तसेच राहू दिले, मुसलमानांच्या काळी होते तसे. आजही तिथं दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात आठ शेतकरी काळे झगे घालून बसतात. आठ कालव्यांचे आठ निवडलेले प्रतिनिधी. कुणी पाणी चोरलं, कुणी कालवा साफ नाही केला, त्याचा निवाडा तिथंच, तोंडी. वकील नाही, तारीख पे तारीख नाही. २००९ साली युनेस्कोनं त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आणि हॉलंड. त्या कार्यशाळेतही ‘डच तंत्रज्ञान’ तीनदा आलं. तर ऐका. डच लोकांचं सगळं पाणी ज्या पाणीमंडळांच्या हातात आहे ती मंडळं तेराव्या शतकापासूनची आहेत. राइनलँडच्या मंडळाला १२५५ साली सनद मिळाली आणि ते आजही चालू आहे. अशी २१ मंडळं आहेत तिथं, त्यांची वेगळी निवडणूक होते, ती स्वतःचा कर गोळा करतात. समुद्रकाठच्या त्या पट्ट्यात जुना कायदा असा होता की ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखता येत नाही त्यानं बांधात फावडं रोवायचं आणि जमीन सोडून निघून जायचं. जो ते फावडं उपटेल, जमीन त्याची आणि बांधाची जबाबदारीही त्याची. कडक वाटतं ना? पण जवळपास पाव देश समुद्राच्या पातळीखाली असताना तो आजवर टिकला, तो पंपांच्या आधी या जबाबदारीवर.

म्हणजे बघा, आपण ज्यांच्याकडून सेन्सर विकत घेणार आहोत, त्यांनी स्वतःची मध्ययुगीन व्यवस्था मोडली नाही. तिच्यातली सरंजामशाही काढली, मतदान घातलं, कर बसवला, पंप बसवले, सेन्सरही बसवले. आधी घर, मग रंगरंगोटी. आणि आपण? घर पाडलं, रंगाचे डबे घेऊन उभे आहोत.

तुम्ही म्हणाल, सरकार काही तरी करतंच ना. करतं. जलयुक्त शिवार झालं, गाळमुक्त धरण झालं. जेसीबी येतो, पारीच्या पोटाशीच खोदतो, कारण तिथं ट्रॅक्टर लावायला सोपं. पारीचा पाया उघडा पडतो. पाणवनस्पती मुळासकट जातात, त्यांच्यासोबत मरळीची अंडी घालायची जागा जाते. फोटो छान येतो, चौकोनी खड्डा. दोन वर्षांत काठावर बेशरम वाढते, आणि वरच्या अंगाला, जिथून पाणी येतं, तिथं ले-आउट नाहीतर धानाचं अतिक्रमण. तलाव लिलावात जातो, ढिवरांच्या सोसायटीनं पैसे भरायचे आणि बाहेरून आणलेलं बीज सोडायचं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या लोकांनी ढिवरांसोबत बसून उलटं काम केलं. आधी बेशरम उपटली, मग देशी पाणवनस्पती लावल्या, मग मासा परत आला. कुठली वनस्पती कुठं लावायची हे ज्ञान ढिवरांजवळ होतं. ते कोणत्या स्लाइडवर नव्हतं.

आणि त्याच मुलखात गोसीखुर्द. राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटी. पुढे आकडा १८,००० कोटींच्या वर गेला. माझी अर्धी नोकरी त्याच्या आसपासच्या कामांवर गेली, म्हणून मी काही दुधानं धुतलेला नाही. मी धरणविरोधी पण नाही. पण एका धरणाची वाट बघत आम्ही साडेसहा हजार तलाव गाळानं भरू दिले, हा हिशेब कोणी तरी मांडला पाहिजे की नाही? अडीच लाख हेक्टर भिजवायचं स्वप्न ज्या जिल्ह्यांना दाखवलं, त्याच जिल्ह्यांत बांधून तयार असलेले तलाव होते. त्यांना लागत काय होतं? गाळ काढणं, सलंग मोकळी ठेवणं आणि एक पाणकर.

नागपूरकरांनो, हे सगळं धान पिकवणाऱ्यांचं दुखणं आहे असं समजू नका. हे शहरही तलावांवरच वसलं. बख्त बुलंद शाहनं वसवलं, त्याच्यामागून आलेल्या चांद सुलताननं तट बांधला आणि जुम्मा तलाव केला. तोच आपला शुक्रवारी तलाव, म्हणजे गांधीसागर. लेंडी तलाव, नाईक तलाव यांची आज काय गत आहे ते उत्तर नागपूरवाल्यांना विचारा. आणि २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते? चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस. अंबाझरी भरून वाहिला. वाहणारच, सांडवा त्यासाठीच असतो. पण सांडव्याच्या तोंडाशी स्मारकाचा चौथरा आणि पुढं आवळलेलं नागनदीचं पात्र. पाणी घराघरांत शिरलं, माणसं दगावली, प्रकरण हायकोर्टात गेलं. सेन्सरनं त्या पहाटे काय सांगितलं असतं? पाणी वाढतंय. ते तर गादी ओली झाल्यावर सगळ्यांनाच कळलं. सांडव्यासमोर काही बांधायचं नाही, हे आमच्या गावच्या निरक्षर पाणकराला कळत होतं. तो असता तर कुदळ घेऊन आला असता आणि त्याच्यामागं गाव.

त्या पोरावर माझा राग नाही. त्याला शाळेत हेच शिकवलं. सेन्सर वाईट नाही, लावा. पण आधी सांगा, पाणी कमी झाल्याचा मेसेज कुणाच्या मोबाइलवर जाणार? ज्याच्या मोबाइलवर जाईल त्याला खुंटा काढायचा हक्क आहे काय? नसेल, तर तो मेसेज आणि गुड मॉर्निंगचा मेसेज यात फरक काय राहिला?

हक्क कागदावर आहेत. मालगुजारी गेली तेव्हा गावाचे पाण्याचे, माशाचे, गाळाचे हक्क निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये लिहून ठेवले गेले. जंगलातल्या तलावांसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे, त्यात पाणवठ्यावरचे आणि माशाचे सामूहिक हक्क स्पष्ट आहेत. ग्रामसभेनं ठराव करून मागायचे असतात. गडचिरोलीतल्या गावांनी जंगलाचे मागून घेतले, तलावांचेही मागता येतात.

तर ज्यांचं ज्यांचं गाव या पाच जिल्ह्यांत आहे त्यांनी एक करा. दिवाळीला गावी जाल तेव्हा तलावाच्या पारीवर चक्कर मारा आणि सलंगीचा फोटो काढा, तिच्यासमोर काय बांधलं आहे ते दिसेल असा. परतताना तहसीलमध्ये जाऊन आपल्या गावच्या निस्तार पत्रकाच्या नकलेसाठी अर्ज टाका. ‘सापडत नाही’ म्हणतील, तर तेच लेखी मागा. गाव, तालुका आणि फोटो खाली कमेंटमध्ये टाका, मी यादी करतो आहे. सुरुवात माझ्यापासून: साकोली तालुका, सलंगीसमोर सिमेंटचं सभामंडप, तुडूमचे पाचपैकी दोन खुंटे शाबूत. नकलेचा अर्ज मी सोमवारी टाकला.